आखाडा, पडदा आणि रसिक : भिवंडीतून पाहिलेला कुस्तीप्रेमाचा इतिहास

खाडीने जलमार्ग आणि सह्याद्रीच्या घाटांनी खुष्कीचा मार्ग पुरवल्यामुळे ज्या भिवंडी कसब्यात शतकानुशतके व्यापारउदीम नांदला, १६५७ साली कल्याणच्या बरोबरीने जो शिवछत्रपतींच्या मुलखात दाखल झाला आणि ज्याच्या गल्लीबोळांतून गेली कित्येक दशके यंत्रमागांचा खडखडाट अहोरात्र ऐकू येत आला आहे, त्या गावाचे नाव कुस्तीच्या इतिहासात सहसा आढळत नाही. तो मान कोल्हापूरचा, सांगली-साताऱ्याचा आणि पुण्याच्या तालमींचा. परंतु कुस्तीचा इतिहास जसा मल्लांचा असतो तसाच तो प्रेक्षकांचाही असतो. आणि प्रेक्षकांचा इतिहास शोधू जाणाऱ्याला भिवंडीइतके उपयुक्त ठिकाण सापडणे कठीण. येथील खेड्यांत जत्रेचा आखाडा आहे, शहरातील विणकर मोहल्ल्यांत उत्तर हिंदुस्थानातील उस्तादांविषयीचा आदर आहे, तीसेक मैलांवरील मुंबईत दारासिंगच्या कुस्त्यांच्या दंगली झाल्या, आणि दूरचित्रवाणी घरोघर पोहोचल्यावर अमेरिकी कुस्तीही येथल्या मुलांनी तितक्याच उत्कंठेने पाहिली. एकाच वस्तीने दोन-तीन पिढ्यांच्या अवधीत कुस्तीची इतकी रूपे अनुभवली असल्यामुळे, लोकांचे कुस्तीवरील प्रेम का वाढते आणि का ओसरते या प्रश्नाचा विचार करण्यास ही जागा योग्य आहे. या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र जपानात घडले. तेथील व्यावसायिक कुस्तीला गेल्या सत्तर वर्षांत जी भरती आणि जी ओहोटी आली तिचे काही धागे महाराष्ट्राच्या मातीपर्यंत येऊन पोहोचतात. हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भिवंडी तालुक्याच्या खेड्यांत, विशेषतः आगरी, कोळी आणि कुणबी वस्त्यांत, कुस्तीचा हंगाम भाताच्या पिकाने ठरवलेला आहे. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, झोडणी उरकते, खाचरे मोकळी पडतात आणि मग उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ग्रामदैवतांच्या जत्रा एकामागून एक येत राहतात. देवाची पालखी, मानपान आणि पाहुण्यांची जेवणे आटोपली, की उतरत्या उन्हात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत आखाडा भरतो. प्रारंभी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. पंच वजनकाट्याची मदत न घेता नुसत्या नजरेने आणि दंडाला हात लावून जोड ठरवतात. इनामाची रक्कम ज्या दात्याने दिली त्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. रक्कम चढत जाते तसतसा मल्लांचा दर्जाही चढतो, आणि अखेरची मानाची कुस्ती पाहण्यासाठी पंचक्रोशीतील माणसे उभी राहतात. पाठ जमिनीला टेकली की निकाल लागला. नाही टेकली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम दोघांत वाटून देतात.

या आखाड्याचे वैशिष्ट्य असे, की येथे पाहणारा आणि लढणारा यांच्यात तिकिटाचा व्यवहार नसतो. जो पाहतो त्यानेच वर्गणी दिलेली असते, त्याच्याच घरी परगावच्या मल्लाचे जेवण झालेले असते, आणि मैदानात उतरलेला तरुण कोणाचा नातू, कोणाच्या हाताखाली तयार झाला, गेल्या वर्षी कोणाकडून पडला, हे त्याला तोंडपाठ असते. म्हणून त्याची टीका जशी निर्भीड तशीच त्याची माया अकृत्रिम असते. कुस्तीच्या लोकप्रियतेचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ रूप होय. त्याचा आवाज गावाच्या शिवेपलीकडे फारसा गेला नाही, पण गावाच्या शिवेच्या आत तो कधी बंदही पडला नाही.

शहरातील परंपरेचा उगम वेगळा. विलायती कापडाने उत्तर हिंदुस्थानातील हातमाग मोडकळीस आणले आणि १८५७ च्या उठावानंतर त्या प्रांतांत जी वाताहत झाली तिने विणकरांना देशोधडीला लावले, तेव्हा अलाहाबाद, आझमगड, मऊ या बाजूची मोमीन कुटुंबे आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाली. काही बऱ्हाणपुरास थांबली, काही धुळे-मालेगावास आणि काही थेट भिवंडीस येऊन स्थिरावली. ज्या मुलखातून ती आली तेथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत अखाडा आणि प्रत्येक अखाड्याला उस्ताद असे, आणि शागिर्दाने उस्तादापुढे मान तुकवावी हा रिवाज शाळा-मदरशाइतकाच पक्का होता. गामा, इमामबक्ष या पहिलवानांच्या नावांना अशा घरांत जी प्रतिष्ठा होती ती बातमीपत्रांनी निर्माण केलेली नव्हती. अशा रीतीने एका बाजूला शेतकऱ्याचा आखाडा आणि दुसऱ्या बाजूला विणकराचा अखाडा, असे कुस्तीप्रेमाचे दोन प्रवाह या एका तालुक्यात शेजारी शेजारी वाहत राहिले.

या दोन्ही प्रवाहांना विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या पुरुषाने राज्याश्रयाचे बळ दिले ते म्हणजे कोल्हापूरचे शाहू छत्रपती. १९०२ साली विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले, आणि त्याच धर्तीवर त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले. मध्ये खोलगट हौद, भोवती चढत जाणारी बैठक, आणि शेवटच्या रांगेतील माणसालाही पहिल्या रांगेइतकेच स्पष्ट दिसावे अशी रचना. हजारो प्रेक्षक एकत्र बसून एक कुस्ती पाहू शकतील, अशी व्यवस्था महाराष्ट्रात तत्पूर्वी नव्हती. उद्घाटनाच्या कुस्तीत गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची गाठ पडली आणि इमामबक्ष विजयी झाला. शाहू महाराजांनी मल्लांना दरबारी खुराक बांधून दिला, तालमी वसवल्या आणि पंजाबपासून कर्नाटकापर्यंतच्या पहिलवानांना जात व धर्म न विचारता आश्रय दिला. इमामबक्षाचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे जपानच्या कथेत त्याच्याच वंशजांची भेट होणार आहे.

संस्थानांचा आश्रय हळूहळू क्षीण होत गेला तसतसा कुस्तीचा दुसरा पोशिंदा मुंबईत उदयास आला. तो म्हणजे गिरणगावचा कामगार. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून आलेली ही माणसे गाळ्यांतून दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत, आणि तरीही वर्गणी काढून तालीम चालवीत. कल्याणमार्गे मुंबईशी जोडलेल्या भिवंडी परिसराला या गिरणगावाचा वारा लागणे स्वाभाविक होते. राजाचा खुराक गेला आणि त्याच्या जागी शंभर मजुरांच्या वर्गणीचा खुराक आला. रक्कम कमी झाली, पण मल्लाचे पोषण करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि त्याबरोबर त्याच्या जयपराजयात ज्यांचे मन गुंतले अशांचीही.

याच काळात महाराष्ट्राच्या मातीचा आणि जपानचा पहिला मोठा सामना घडला, आणि तो घडला फिनलंडच्या राजधानीत. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटम वजनगटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीईला मिळाले आणि खाशाबा त्याच्याकडून पराभूत झाले होते. या इशीईची कथाही सांगण्यासारखी आहे. तो मूळचा जूदोपटू. महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात शाळा-महाविद्यालयांतून जूदोला मज्जाव झाल्यामुळे तो कुस्तीकडे वळला, आणि त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचेच ठरले. इकडे खाशाबांना परदेशी पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले आणि गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. पदक घेऊन ते परतले तेव्हा कराडच्या स्टेशनापासून निघालेल्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. ज्यांनी वर्गणी दिली तेच गाड्या जुंपून आले होते. प्रेम आणि पोषण यांचे नाते याहून स्पष्ट कोठे दिसावे?

इशीईच्या सुवर्णपदकानंतर दोनच वर्षांनी जपानात कुस्तीचे जे दुसरे रूप अवतरले त्याने त्या देशाला अक्षरशः वेड लावले. रिकिदोझान हा मूळचा कोरियात जन्मलेला, सुमोच्या अखाड्यात सेकिवाके या वरच्या पायरीपर्यंत पोहोचलेला आणि १९५० साली सुमो सोडून दिलेला मल्ल. अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती शिकून आल्यावर त्याने स्वदेशी संस्था स्थापन केली, आणि १९ फेब्रुवारी १९५४ रोजी टोकियोच्या कुरामाए सभागृहात प्रख्यात जूदोपटू मासाहिको किमुरा याला जोडीला घेऊन तो शार्प बंधू या धिप्पाड परदेशी जोडीविरुद्ध उतरला. जपानात दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. यंत्र विकत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे निप्पॉन दूरचित्रवाणी कंपनीने चौकाचौकांत आणि स्थानकांसमोर सार्वजनिक यंत्रे बसवली होती, आणि त्या संध्याकाळी शिंबाशी स्थानकासमोरच्या यंत्रापुढे जो जनसागर लोटला त्याची छायाचित्रे आजही त्या काळाची खूण म्हणून दाखवली जातात.

त्या गर्दीला काय दिसले? पराभूत, बेचिराख आणि परकीय सैन्याच्या अंमलातून नुकतेच मुक्त झालेले एक राष्ट्र आपल्याहून उंच, आपल्याहून धष्टपुष्ट परदेशी माणसांना एका स्वदेशी मल्लाच्या हातच्या फटक्यांनी मागे हटताना पाहत होते. कुस्तीचा निकाल आधी ठरला होता की नाही, हा प्रश्न त्या क्षणी कोणाच्या मनात नव्हता. त्या लोकांचे जे दुःख होते ते खरे होते, आणि त्या दुःखाला जे उत्तर मिळाले ते त्यांना खरे वाटले. रिकिदोझानचा कोरियातील जन्म जपानी प्रेक्षकांपासून झाकून ठेवला गेला. ज्याला राष्ट्राने आपला मानला तो जन्माने दुसऱ्या, त्याच राष्ट्राने पादाक्रांत केलेल्या देशाचा होता, ही या कथेतील सर्वांत हृदयद्रावक गोष्ट आहे. ६ ऑक्टोबर १९५७ रोजी अमेरिकी जगज्जेता लू थेझ आणि रिकिदोझान यांच्यात साठ मिनिटे चाललेली आणि बरोबरीत सुटलेली कुस्ती ज्यांच्या घरी यंत्र होते अशांपैकी ८७ टक्के लोकांनी पाहिल्याची नोंद आहे. १९६३ च्या मे महिन्यात डिस्ट्रॉयर या मुखवटाधारी मल्लाशी त्याची लढत झाली तेव्हाही हे प्रमाण ६४ टक्के होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टोकियोतील एका रात्रगृहात त्याला भोसकण्यात आले आणि आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, तो मरण पावला.

या रिकिदोझानचा आणि आपल्या दारासिंगचा परिचय कागदोपत्री नव्हता, हौद्यातला होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत आशियाई अजिंक्यपदाच्या ज्या कुस्त्या झाल्या त्यांत दारासिंग उतरला होता, आणि अंतिम लढतीत रिकिदोझानने ज्याला हरवले तो दोनशे किलोच्या आसपास वजनाचा किंगकाँग म्हणजे हंगेरीत जन्मलेला आणि सिंगापुरात स्थायिक झालेला एमिल झाया, जो मुंबईकरांना चांगला ठाऊक होता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढतींनी मुंबईत पन्नाशी-साठीच्या दशकांत खळबळ उडवून दिली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्री स्टाईल कुस्त्यांना गर्दी लोटे, भिंतींवर पहिलवानांच्या मोठाल्या जाहिराती लागत, आणि २९ मे १९६८ रोजी, ज्या लू थेझने अकरा वर्षांपूर्वी रिकिदोझानशी बरोबरी केली होती, त्याच थेझला दारासिंगने मुंबईत पराभूत केले. ज्यांना वरळीपर्यंत जाणे जमत नसे त्यांच्यापर्यंत दारासिंग चित्रपटांच्या द्वारे पोहोचला. ‘किंगकाँग’, ‘फौलाद’, ‘सिकंदर-ए-आझम’ या चित्रपटांनी तालुक्याच्या गावांतील तरुणांना जोर-बैठकांकडे वळवण्याचे जे कार्य केले ते कोणत्याही व्यायामप्रचारक मंडळाला साधले नसते.

तरीही महाराष्ट्रातील जाणत्या रसिकाने या फ्री स्टाईलला आखाड्याची बरोबरी कधी दिली नाही. नुरा म्हणजे आधी ठरवलेली कुस्ती आणि निकाली कुस्ती यांतील भेद त्याला परंपरेने ठाऊक होता. जो मल्ल आतून ठरवून लढतो त्याला जत्रेतील प्रेक्षक मैदानातच जाब विचारतो आणि पंच त्याला इनामावाचून परत पाठवतात. ज्या काळात वरळीला दंगली रंगत होत्या त्याच काळात निकाली कुस्तीनेही आपले नवे सिंहासन मांडले. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन दिनकर दह्यारी विजेते ठरले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे आणि त्यापुढच्या वर्षी गणपत आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई स्पर्धेतून आंदळकर व मारुती माने हे दोघेही सुवर्णपदके घेऊन परतले. म्हणजे साठीच्या दशकात महाराष्ट्रात दोन्ही प्रकारांची चलती होती, आणि त्यांचे रसिकही पुष्कळ अंशी तेच होते. मनोरंजनासाठी एकाकडे आणि अभिमानासाठी दुसऱ्याकडे जाताना त्यांना विसंगती वाटत नव्हती.

रिकिदोझानच्या पश्चात जपानात त्याचे दोन शिष्य पुढे आले. १९७२ साली अँटोनियो इनोकीने आणि जायंट बाबाने स्वतंत्र संस्था काढल्या, आणि इनोकीने आपली कुस्ती हीच सर्वांत बलिष्ठ युद्धकला आहे हे सिद्ध करण्याचा ध्यास घेतला. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मुष्टियोद्धा महंमद अली याच्याशी त्याची पंधरा फेऱ्यांची लढत बरोबरीत सुटली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला कराचीच्या मैदानावर त्याच्यापुढे उभा राहिला तो अक्रम पहिलवान, म्हणजे खासबागेचे उद्घाटन ज्याच्या कुस्तीने झाले त्या इमामबक्षाचा मुलगा. तिसऱ्या फेरीत इनोकीने त्याचा हात पिरगळून धरला, हात निखळला आणि कुस्ती संपली. उपखंडातील मल्लविद्येचे सर्वांत मानाचे घराणे एका जपानी मल्लापुढे हरले, ही बातमी जेथे गामाचे नाव आदराने घेतले जाई तेथे किती झोंबली असेल, याची कल्पना भिवंडीच्या मोहल्ल्यांचा इतिहास जाणणाऱ्यास सहज येईल. १९७९ च्या जूनमध्ये लाहोरला इमामबक्षाचा नातू, एकोणीस वर्षांच्या आतबाहेरचा झारा, इनोकीसमोर उतरला. पाच फेऱ्यांनंतर कुस्ती बरोबरीत सुटली आणि इनोकीने स्वतः त्या मुलाचा हात उंचावला. पुढे याच घराण्यातील एका मुलाला इनोकीने शिक्षणासाठी जपानला नेले. ज्या मल्लाने एका पिढीचा मानभंग केला त्यानेच पुढच्या पिढीचा सन्मान केला. त्यामुळे इनोकीविषयी पाकिस्तानात द्वेष न उरता आदर उरला.

ऐंशीच्या दशकात भिवंडी आणि जपान या दोन्ही ठिकाणी कुस्तीच्या भोवतीचे जग बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी विधिवत संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, त्यांचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले, पण गिरणीबरोबर असलेली तालीम यंत्रमागाबरोबर आली नाही. गिरणीतील आठ तासांच्या पाळीनंतर माणसाला तालमीत जाण्याइतका वेळ आणि शक्ती उरत असे. यंत्रमागावरील बारा तासांच्या पाळीनंतर निद्रेखेरीज दुसरे काही उरत नाही. त्यातच १९८४ च्या जातीय दंगलीने शहराच्या सामाजिक जीवनाला जी जखम केली तिच्यानंतर वेगवेगळ्या वस्त्यांतील तरुणांनी एका मातीत उतरावे असे वातावरण पुष्कळ काळ राहिले नाही. कुस्तीचे प्रेम कमी झाले नव्हते. ते ज्या वेळेवर, ज्या विश्वासावर आणि ज्या रोजगारावर उभे होते त्या तिन्हींचा पाया खचला होता.

जपानमध्ये कारण वेगळे पण परिणाम सारखा झाला. १९८१ साली टायगर मास्क या चपळ मुखवटाधारी मल्लाने मुलांची मने जिंकली आणि पुढे चिगुसा नागायो व लायनेस आसुका या दोघींच्या जोडीने तरुण मुलींची. तथापि दशक संपता संपता कुस्तीचे कार्यक्रम सायंकाळच्या मुख्य वेळेतून हटून आडवेळी गेले. नव्वदीत भव्य मैदानांवरील कुस्त्यांना गर्दी होत राहिली, पण १९९३ मध्ये के-१ आणि १९९७ मध्ये प्राइड या नावांनी ठरवून न केलेल्या झुंजींचे सामने सुरू झाले आणि प्रेक्षक तिकडे ओढला गेला. इनोकीने आपल्या मल्लांना त्या झुंजींत उतरवण्याचा अट्टहास धरला. युजी नागातासारखा अग्रगण्य मल्ल २००१ च्या अखेरच्या रात्री मिर्को क्रो कॉपपुढे अर्ध्या मिनिटाच्या आत कोसळला. २००० साली मित्सुहारू मिसावा आणि त्याच्याबरोबर बहुतेक सर्व मल्ल बाबाची संस्था सोडून गेले. इनोकीची संस्था २००५ मध्ये एका संगणकखेळांच्या कंपनीच्या ताब्यात गेली. ज्या खेळाने कधी एका राष्ट्राचे मन धरले होते त्याची सभागृहे अर्धी रिकामी राहू लागली, कारण संस्थाचालकांनी आपल्या रसिकाला काय प्रिय आहे हे विसरून दुसऱ्याच्या रसिकाचा पाठलाग केला होता.

याच सुमारास भिवंडीच्या घराघरांत एक तिसरीच कुस्ती येऊन पोहोचली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, केबलवाल्यांनी गल्लीबोळांत तारा ओढल्या, आणि मुलांच्या तोंडी हल्क होगन, अंडरटेकर ही नावे बसली. मल्लांची चित्रे, वजन आणि उंची छापलेले पत्ते मुले खेळू लागली आणि वर्गावर्गांतून त्यांची देवाणघेवाण होऊ लागली. होगन त्याआधी जपानातच गाजला होता. १९८३ च्या जूनमध्ये त्याने इनोकीला टोकियोत पाडले होते. हिमाचल प्रदेशचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, हाही अमेरिकेतील कीर्तीपूर्वी जपानच्या हौद्यात लढला आणि २००७ साली अमेरिकी कुस्तीचा जगज्जेता झाला. परंतु या कुस्तीत भिवंडीच्या मुलाचा वाटा केवळ पाहण्याचा होता. त्याच्या घरून त्या मल्लाला पेलाभर दूध जात नव्हते, तो मल्ल त्याच्या गावच्या जत्रेला येणार नव्हता, आणि त्याच्यासारखे व्हावे असे वाटले तरी त्यासाठी कोणत्या दारात जावे हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून ती आवड शाळेबरोबर सुरू झाली आणि बहुतेकांच्या बाबतीत शाळेबरोबरच संपली.

जपानची कुस्ती मात्र पुन्हा सावरली, आणि ती कशी सावरली हे आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. हिरोशी तानाहाशी नावाच्या मल्लाने पडत्या काळात छोट्या छोट्या शहरांत स्वतः जाऊन, स्थानिक नभोवाणीवर बोलून, दुकानदारांना आणि शाळकरी मुलांना भेटून एकेक प्रेक्षक परत मिळवला. २०१२ मध्ये इनोकीने स्थापन केलेली ती संस्था बुशिरोड या पत्त्यांच्या खेळांच्या कंपनीने विकत घेतली, जाहिरातींवर भर दिला, आणि त्याच वर्षी पुढे आलेल्या काझुचिका ओकादाच्या रूपाने नव्या पिढीला आपला मल्ल मिळाला. पूर्वी ज्या सभागृहांत मध्यमवयीन पुरुषच दिसत तेथे तरुण स्त्रिया आणि लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे दिसू लागली. रिकिदोझानच्या काळचे ते राष्ट्रव्यापी वेड परत आले नाही आणि येण्याचे कारणही नव्हते; परंतु ज्याला आपला रसिक म्हणता येईल असा वर्ग निर्माण झाला.

भिवंडीच्या खेड्यांतही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक मोठे स्थित्यंतर झाले आहे. मुंबईच्या जकातीच्या सीमेबाहेर, पण मुंबईला लागून असल्यामुळे, या तालुक्याच्या शेतजमिनींवर गोदामे उभी राहिली. देशभरचा माल येथे उतरू लागला, आणि ज्या हातांत कोयता होता त्या हातांत भाड्याचे उत्पन्न आले. त्याचा परिणाम जत्रेच्या आखाड्यावरही दिसतो. इनामांच्या रकमा वाढल्या आहेत, परजिल्ह्यांतील नामवंत मल्लांना बोलावणी जातात, ढालींची आणि गदांची रेलचेल असते. परंतु शेते गेली तशी आखाड्यासाठी मोकळी जागा मिळणेही कठीण होत चालले आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की वर्षातील एका सायंकाळसाठी लाखोंची उधळण करणारी गावे आपल्या मुलाला वर्षभर तालीम आणि खुराक देण्याच्या बाबतीत तेवढी उत्साही दिसत नाहीत. दूध, तूप, बदाम, अंडी, मांस यांचा खर्च मध्यम कुटुंबाच्या शक्तीबाहेर गेला आहे. त्यात मातीबरोबर मॅटचाही सराव आवश्यक झाला आहे, कारण राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा मॅटवरच होतात.

कोल्हापूर, कराड, टोकियो आणि भिवंडी यांचा हा इतिहास एकत्र वाचला असता माझ्या मते एकच सिद्धांत निष्पन्न होतो. कुस्तीची लोकप्रियता निकालाच्या खरेखोटेपणावर, मैदानाच्या भव्यतेवर किंवा इनामाच्या आकड्यावर अवलंबून नाही. ती अवलंबून आहे मल्लाच्या घडणीत प्रेक्षकाला किती वाटा मिळतो यावर. शाहू महाराजांच्या प्रजेला तो राजाच्या खजिन्यातून मिळाला, गिरणी कामगाराला वर्गणीतून, कराडच्या शेतकऱ्याला खाशाबांच्या प्रवासखर्चातून, आणि शिंबाशीच्या चौकातील जपानी माणसाला सामायिक अपमानातून. जेथे हा वाटा तुटला तेथे मोठमोठे मल्ल असूनही आसने रिकामी पडली. जेथे तो पुन्हा जोडला गेला तेथे रसिक परत आला.

भिवंडीला या सिद्धांताचा उपयोग करून घेण्याची संधी आज जितकी आहे तितकी पूर्वी कधीच नव्हती. गोदामांचे उत्पन्न असलेल्या चार-पाच गावांनी मिळून, जत्रेच्या इनामातील एक हिस्सा बाजूला काढून, माती आणि मॅट दोन्ही असलेली एक कायमची तालीम चालवावी. तिचे दार शेतकऱ्याच्या मुलाला जसे खुले तसेच यंत्रमाग कामगाराच्या मुलालाही असावे, आणि उस्तादाची निवड करताना केवळ विद्या पाहावी, जशी ती शाहूंच्या कोल्हापुरात पाहिली गेली. मुलींनाही त्या तालमीत मानाने प्रवेश मिळावा. २०२३ साली सांगलीत पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीचा मान प्रतीक्षा बागडी हिने मिळवला आहे, तेव्हा आता या बाबतीत संकोचाला जागा उरलेली नाही. अशी एक तालीम उभी राहिली आणि तिच्यातील एखादा मल्ल वा मल्लीण राज्याच्या मैदानात उतरली, तर तिच्या पाठीशी आगरी पाडे आणि मोमीन मोहल्ले दोन्ही एकदिलाने उभे राहतील, याबद्दल मला शंका वाटत नाही. कारण कुस्तीवर प्रेम करण्याची परंपरा दोघांपाशीही आहे, आणि त्या परंपरेला समाईक मल्ल मिळवून देणे हे या तालुक्यातील कर्त्या माणसांचे कर्तव्य आहे.